आधी आडनाव, मग खोली

जर्मनीहून परत आल्यावर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न थंडीचा. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे पेपरात ठळक बातमी येते, बागांमध्ये शेकोट्या पेटतात. तेव्हा उणे दहामध्ये माणसं कशी राहतात हे ऐकायची उत्सुकता मला समजते. दुसरा प्रश्न जेवणाचा. तिसरा, आवाज थोडा खाली आणून, पगाराचा. राहायला जागा कशी मिळाली हे मात्र गेल्या दोन वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही. मीही आपणहून सांगितलं नव्हतं. आता सांगायचं आहे, कारण त्याचा संबंध ड्रेस्डेनपेक्षा नाशिकशी जास्त आहे.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मी ड्रेस्डेनला मास्टर्ससाठी गेले. त्याआधीचं अख्खं वर्ष कागद जमवण्यात गेलं. कॉलेज रोडवर, कॅनडा कॉर्नरच्या आसपास परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणारी ऑफिसं आहेत, त्यातल्या एकात माझ्या फेऱ्या चालायच्या. भाषेची परीक्षा, प्रवेशपत्र, विमा, व्हिसा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवावी लागते. त्याला सगळे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. त्या वर्षी ही रक्कम १०,३३२ युरो होती, म्हणजे नऊ लाखांच्या जवळपास. त्यातले ८६१ युरो दरमहा आपल्या हातात येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये हीच रक्कम ११,९०४ युरो झाली. बाबांनी गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं आमचं घर तारण ठेवून कर्ज काढलं. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नव्हता, तरी व्याज साचू नये म्हणून ते दरमहा भरत राहिले. ते पैसे वरच्या मजल्याच्या भाड्यातून यायचे. बाहेरून जिना काढलेल्या दोन खोल्या आहेत, त्या आम्ही विद्यार्थ्यांना देतो. त्या खोल्यांकडे मी पुढे परत येणार आहे.

राहण्याचं काय, असं विचारलं तेव्हा मार्गदर्शन करणारे सर म्हणाले होते, ‘तिथे गेल्यावर होते सोय.’

विद्यार्थी वसतिगृहासाठी मी वेळेत अर्ज केला होता. उत्तर आलं की नंबर बहुधा पुढच्या सेमिस्टरला लागेल. मग जळगावच्या एका मुलीच्या खोलीत खाली गादी टाकून राहिले. तिच्या वसतिगृहात पाहुणा किती रात्री ठेवायचा याला मर्यादा होती, म्हणून मी सकाळी सातला बाहेर पडायची आणि अंधार पडल्यावर परतायची. दिवसभर ग्रंथालयात बसून खोल्यांना मेसेज पाठवायचे. तिथे बरेच विद्यार्थी तीन-चार जण मिळून एक फ्लॅट घेतात, त्याला ‘वेगे’ म्हणतात. एक खोली रिकामी झाली की राहणारे लोक येणाऱ्याला भेटायला बोलावतात, चहा-कॉफी होते, छंद विचारतात, मग आपसात ठरवतात. मी साठाहून अधिक मेसेज पाठवले. बऱ्याच जणांचं उत्तर आलं नाही. काहींनी सौजन्याने कळवलं की आमचं-तुमचं जुळेल असं वाटत नाही.

एकदा एका घरमालकाने फोनवर वेळ दिली. फोन माझ्या वर्गातल्या जर्मन मुलीने लावला होता, माझी भाषा तेव्हा अडखळत होती. ठरलेल्या वेळेला मी दारात उभी राहिले. त्यांनी दार अर्धं उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘खोली गेली.’ आवाज चढलेला नव्हता, शिवी नव्हती, दारही आपटलं नाही. ट्राममध्ये बसल्यावर मी जाहिरात पुन्हा उघडली. ती तशीच होती. पुढचे तीन आठवडे ती तशीच राहिली.

जागा नसण्याचा खरा अर्थ तिथे गेल्यावर कळतो. जर्मनीत राहायला गेल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात आपला पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पत्ता नोंदला नाही तर राहण्याच्या परवान्याचं काम अडतं, बँकेचं अडतं, कामावर लागायचं तर कराचा नंबर टपालाने त्याच पत्त्यावर येतो. घर नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून हातात पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून घर नाही. या चक्रात मी सहा आठवडे होते. वर्गात पहिल्या बाकावर बसत होते आणि मास्तरांचं एक वाक्य डोक्यात शिरत नव्हतं.

शेवटी जागा दिली ती सत्तरीच्या एका बाईंनी. नवरा वारलेला, मुलगा दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर तीन खोल्यांचं घर. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि तीन गोष्टी विचारल्या. रात्री दहानंतर शांतता पाळशील का? कचरा वेगळा करशील का? भाडं एक तारखेला येईल का? तिन्हीला मी हो म्हटलं. मग त्यांनी नियम दाखवले, आणि नियम पुष्कळ होते. कागद निळ्या डब्यात, वेष्टनं पिवळ्यात, भाजीचा चोथा तपकिरीत, काचेच्या बाटल्या रंग पाहून कोपऱ्यावरच्या टाकीत. त्याही रविवारी टाकायच्या नाहीत, कारण रविवारी आवाज करायचा नसतो. जिना कुणी कोणत्या आठवड्यात पुसायचा याचा तक्ता दाराला लावलेला. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. तिथल्या कायद्याने हीटिंग-पाणी सोडून असलेल्या मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त अनामत घेता येत नाही, आणि ती मालकाला स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते.

माझी पहिली फोडणी पडली तेव्हा धुराचा अलार्म वाजला आणि हिंग-मोहरीचा वास पार जिन्यापर्यंत गेला. बाई आत आल्या, खिडकी उघडली, दार लावलं आणि म्हणाल्या, असं करायचं. रविवारी दुपारी त्या झोपत, तेव्हा फोडणी नको, असंही सांगितलं. एवढंच. दोन वर्षं मी दार लावून, खिडकी उघडून वरण फोडणीला घातलं. मी कुठल्या देशाची, कुठल्या धर्माची, काय खाते, हे त्यांनी कधीच विचारलं नाही असं नाही. पण विचारलं ते मी राहायला आल्यावर, गप्पांच्या ओघात, दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात. खोली देताना त्यांना माझं वागणं कसं असेल एवढंच जाणून घ्यायचं होतं.

म्हणजे जर्मनीत सगळं चांगलं आणि आपल्याकडे सगळं वाईट, असं मला म्हणायचं नाही. ते अर्ध्या दाराआडचे गृहस्थही जर्मनच होते. २०१७ मध्ये तिथल्या पत्रकारांनी दहा मोठ्या शहरांत घरांच्या जाहिरातींना सुमारे वीस हजार अर्ज पाठवून पाहिले होते. मजकूर एकसारखा, नावं तेवढी वेगळी: काही जर्मन, काही परकी. परक्या नावांना, विशेषतः अरबी आणि तुर्की नावांना, घर बघायला यायची बोलावणी स्पष्टपणे कमी आली. त्या देशाने निदान ते मोजलं, छापलं, त्यावर वाद घातला. आपल्याकडे असं कुणी नाशिकमध्ये करून पाहिलं तर काय निघेल, हे इथे खोली शोधलेल्या प्रत्येक मुला-मुलीला माहीत आहे.

त्या सहा आठवड्यांत मी रोज रात्री घरी फोन करायचे. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी आठपर्यंत उगवत नाही. त्या लांब रात्रींत घरचा आवाज फार हवासा वाटतो. आई विचारायची, जेवलीस का, खोली मोठी आहे का? मी म्हणायची, मजेत आहे. कॅमेरा मी भिंतीकडे धरायची, म्हणजे जमिनीवरची गादी दिसू नये. हे फक्त मी करत होते असं नाही. माझ्या ओळखीची प्रत्येक मराठी मुलगी आणि मुलगा हेच करत होता. घर गहाण ठेवलेल्या आई-बापाला कोण सांगणार की आज एका माणसाने मला पाहून दार लावलं? आम्ही आमची कणखर बाजू दाखवली, त्यात आम्हाला अभिमानही वाटला. आज मला वाटतं की ती चूक होती, आणि तिची किंमत आम्ही मोजली नाही. ती तिसऱ्याच कुणीतरी मोजली.

परत आल्यानंतरच्या जूनमधली गोष्ट. वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी हॉलमध्ये बसले होते, आई फोनवर बोलत होती. सुरगाणा तालुक्यातली एक मुलगी, नर्सिंगला प्रवेश मिळालेला, सोबत मैत्रीण. आई आधी गोड बोलली. किती जणी, मेस लावणार का, वडील काय करतात. मग विचारलं, ‘आडनाव काय गं?’ पलीकडून उत्तर आलं. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘अगं, खोली आत्ताच गेली बघ. सकाळीच दिली.’

तेच शब्द. मी दोन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते वाक्य माझ्या आईच्या तोंडून, माझ्याच घरात, मराठीत ऐकलं. आई वाईट नाही. तिने कामवाल्या मावशींच्या मुलीची दहावीची फी भरली आहे, तेही कुणाला न सांगता. ती खोटं बोलली ते समोरच्या मुलीचं मन दुखू नये म्हणून, असं तिला आजही वाटतं. त्या वाक्याने पलीकडे काय होतं हे तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, कारण ते सांगू शकणारी तिच्या घरातली एकमेव व्यक्ती दोन वर्षं ‘मजेत आहे’ म्हणत होती.

त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. भांडण झालं. घराघरांत हेच युक्तिवाद होतात, म्हणून ते इथे नीट मांडते.

बाबांचं पहिलं म्हणणं: घर आपलं आहे, कुणाला द्यायचं ते आपण ठरवणार. हे खरं आहे, आणि कायद्यानेही बऱ्याच अंशी खरं आहे. राज्यघटनेचं पंधरावं कलम दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, सार्वजनिक जागा यांबद्दल बोलतं. आमच्या वरच्या मजल्यापर्यंत ते पोचत नाही. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, तरी मालक स्वतः त्याच जागेत राहत असेल तर त्याला त्यात बरीच सूट आहे. त्या बाईंनाही मला नाकारायचा हक्क होता. हक्क आहे म्हणून तो जन्म पाहूनच वापरायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरं म्हणणं खाण्याचं. खोलीच्या पाटीवर आमच्याकडे तेव्हा ‘फक्त शाकाहारी’ असं लिहिलेलं होतं. आणि आमच्या घरी रविवारी मटण शिजतं. ही पाटी अन्नासाठी नाही हे मान्य करायला बाबांना वेळ लागला, पण त्यांनी ते मान्य केलं. आडनाव थेट विचारायला संकोच वाटतो म्हणून ताट विचारायचं, अशी ती रीत आहे. ज्यांना खरोखरच घरात मांसाहार शिजलेला चालत नाही त्यांनी ‘खोलीत मांसाहार शिजवायचा नाही’ असा नियम जरूर करावा. मला रविवारी दुपारी फोडणी टाकायची मुभा नव्हती, मी ते पाळलं. स्वयंपाकघराचा नियम माणसाला पाळता येतो. आडनावाचं त्याने काय करायचं?

तिसरं म्हणणं अनुभवाचं: ‘आपल्यातलेच बरे, त्रास होत नाही.’ आमच्याकडे दोन महिन्यांचं भाडं बुडवून, पंख्याचं रेग्युलेटर काढून नेलेला मुलगा आपल्यातलाच होता. आईला तो आठवत होता. त्याच्यानंतर आम्ही आपल्यातल्या कुणालाच खोली द्यायची नाही असं ठरवलं नाही, ‘तो एक तसा निघाला’ म्हणालो. दुसऱ्या समाजातला एक जण तसा निघाला असता तर सगळ्या समाजावर फुली पडली असती. मुलं भाडं बुडवतात, गोंधळ घालतात, भिंती खराब करतात. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. लेखी करार, वाजवी अनामत, लिहून दिलेले नियम, वेळेवर समज. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. कॉट बेसिसवर राहणाऱ्या किती विद्यार्थ्यांच्या हातात असा कागद असतो? आम्ही स्वतः कधी केला नव्हता. ज्या कागदाने मालकाचं रक्षण होतं तो टाळायचा आणि आडनावावर भरवसा ठेवायचा, हा व्यवहार मला समजत नाही.

चौथं म्हणणं आईने अगदी शेवटी काढलं: शेजारी काय म्हणतील. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी खरोखरच म्हणतात. ड्रेस्डेनच्या बाईंनाही जिन्यातल्या एका शेजाऱ्याने वासाबद्दल विचारलं होतं. त्या काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण मला त्यांनी त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, पुढे लंडनला. १९१७ मध्ये परतल्यावर शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. अमेरिका आणि युरोपातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला: जायचं कुठे? कुणी जागा देईना. शेवटी खोटं नाव सांगून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळच्या आत निघून जायला बजावून गेला. त्यांनी दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही अडचण सांगितली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो माणूस मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून राहिला. परदेशी शिक्षण घेऊन परत आलेल्या विद्यार्थ्याची एवढी महत्त्वाची गोष्ट आपल्याकडे दुसरी नसेल, आणि ती खोलीची गोष्ट आहे.

तेरा वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, आमच्या घरापासून तासाभराच्या चालीवर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्यासोबतचे लोक पाच वर्षं त्या दारासमोर येत राहिले. दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकच्या मुलांना ही सनावळी पाठ असते. बंद दाराचा इतिहास ज्या शहराच्या इतका अंगावर आहे, तिथल्या घरमालकाला ‘खोली गेली’ म्हणताना जीभ अडखळायला हवी असं मला फार वाटतं.

याच शहराला दुसराही वारसा आहे, आणि तो आपण कमी आठवतो. १९१४ मध्ये नाशिकला उदोजी मराठा बोर्डिंग सुरू झालं. खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात शिकायचं तर राहायचं कुठे, हा त्यामागचा प्रश्न होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं काढून त्या प्रश्नाला हात घातला होता. १९२० मध्ये ते नाशिकच्या या वसतिगृहाच्या कोनशिलेसाठी आले. मराठा विद्या प्रसारक समाजाची आजची मोठी यंत्रणा याच पिढीच्या खटपटीतून उभी राहिली. त्या माणसांना हे कळलं होतं की शाळेत नाव घातल्याने शिक्षण मिळत नाही, रात्री पाठ टेकायला जागा लागते. वसतिगृहं जातवार निघाली, कारण तेव्हा एका छपराखाली सगळ्यांनी जेवणं शक्य नव्हतं. शंभर वर्षांनी आपण खाजगी खोल्यांच्या बाजारात तीच जातवार वाटणी चालू ठेवली आहे. त्यांच्याकडे निदान तसं करण्याचं कारण होतं.

आज नाशिकला मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक, पलीकडे धुळे-नंदुरबार इथून मुलं-मुली दरवर्षी येतात. सरकारी वसतिगृहात ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वयंम आणि स्वाधार अशा योजना आहेत. राहण्या-जेवण्याचा भत्ता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. योजना चांगल्या आहेत. पण पैसे दिले की खोली मिळेल, हे त्यांनी गृहीत धरलेलं आहे. माझ्याही ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षभराचे पैसे होते, आणि मी गादीवर झोपत होते.

म्हणून माझी मागणी महाविद्यालयांकडे आहे. प्रवेशाच्या वेळी गणवेशाचं दुकान सांगता, पुस्तकांचं सांगता, बसच्या पासचा अर्ज देता. तसं खोल्यांची यादीही तुम्हीच द्या. जर्मनीत विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या स्वतंत्र सार्वजनिक संस्था आहेत, वसतिगृहं आणि खाणावळी त्या चालवतात. एवढं मोठं आपल्याला उद्या जमणार नाही. पण कॉलेजच्या ऑफिसात एक माणूस आणि एक वही ठेवणं जमेल. ज्या मालकाला खोली यादीत घालायची आहे त्याने भाडं, अनामत आणि नियम लिहून द्यावेत, करार नोंदवावा, आणि जात, धर्म, आडनाव, तालुका यावरून नकार देणार नाही अशी सही करावी. नकार दिला तर यादीतून नाव कमी. मालकाला दर जूनमध्ये ब्रोकरविना भाडेकरू मिळतील, भाडं थकलं तर कॉलेजचा दुवा मिळेल. हा सौदा त्याच्याही फायद्याचा आहे. मुली-मुलांना निदान हे कळेल की कुठल्या दारात जाऊन अपमान होणार नाही.

दुसरी मागणी माझ्यासारख्यांकडे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात एकट्या जर्मनीत जवळपास पन्नास हजार भारतीय विद्यार्थी होते, तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठा गट. त्यात नाशिकचे किती ते मी सांगू शकत नाही, पण आमच्या गल्लीतच तीन घरांतली मुलं बाहेर आहेत. आपल्या मुलांना परदेशात कुणी हिणवलं, घर नाकारलं तर आपल्याला चीड येते, आणि ती रास्त आहे. ती चीड घरी आणा. परतल्यावर ख्रिसमसच्या बाजाराचे, बर्फाचे फोटो दाखवता, ते दाखवाच. पण ज्या दारातून परत फिरावं लागलं त्या दाराबद्दलही आई-बाबांना सांगा, जेवणाच्या ताटावर, आपल्या भाषेत. माझ्या आईला भाषणाने पटलं नसतं. गादीची आणि भिंतीकडे धरलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट ऐकून ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आडनाव विचारण्याची नाशिकमध्ये एक जुनी रीत आहे. बाहेरगावचा माणूस रामकुंडावर येतो तेव्हा उपाध्ये त्याला गाव आणि आडनाव विचारतात, वह्या काढतात आणि पणजोबा कधी येऊन गेले ती नोंद दाखवतात. लहानपणी मी हे बघितलं आहे. विदर्भातल्या एका आजोबांनी वहीतल्या अक्षरावर बोट ठेवलं होतं आणि ते रडत होते. तिथे आडनाव सांगितल्यावर वही उघडते. म्हणून मला त्या प्रश्नाचा राग नाही. ओळख वाढवायला विचारलेलं आडनाव आणि दार लावायला विचारलेलं आडनाव यातला फरक पलीकडच्या माणसाला पहिल्या सेकंदाला कळतो, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

सुरगाण्याच्या त्या मुलीचा नंबर आईच्या फोनमध्ये होता. दुसऱ्या दिवशी मी लावला. म्हटलं, खोली आहे, येऊन बघा. ती म्हणाली, ‘ताई, झाली सोय. पंचवटीत मिळाली, सहा जणी आहोत एका खोलीत.’ मी म्हटलं, काल आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. ती जरा थांबली. ‘हो, कळलं होतं,’ म्हणाली, आणि मग मलाच धीर दिल्यासारखी, ‘असू द्या ताई, चालायचंच.’

वरच्या खोल्या त्या वर्षी दोन महिने रिकाम्या राहिल्या, मग नंदुरबारच्या दोघी आल्या. करार नोंदवला. पाटी बदलली आहे. तिच्यावर आता भाडं, अनामत आणि रात्री साडेदहाची वेळ एवढंच आहे. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, ती काय म्हणाली ते तिने मला सांगितलेलं नाही. बाबा अजून पूर्ण राजी नाहीत. त्या दोघींचं शेवटचं वर्ष आहे, मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतील आणि जूनमध्ये पुन्हा फोन सुरू होतील. आई म्हणाली आहे की या वेळी फोन तीच घेणार.